अकरा नंबरची केळवेकर

"नलू, मी नाय तरी देवीला फूल चुकवू नको हां. आन् तिला खिडकीतनं हलवू नको. तिची नजर कारखान्यावर ऱ्हायली पायजे."

इतकी वर्षं ऑफिसात देवीची पूजा करणाऱ्या काशीबाईंनी निवृत्तीच्या दिवशी असं बजावलं होतं, आणि नलूने केळव्याच्या शितळादेवीच्या तसबिरीवर हात ठेवून शब्द दिला होता. तारापूरच्या त्या रसायनांच्या कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजला, तरी ऑफिसातली माणसं धडधाकट घरी जातात ती देवीमुळेच, असं दोघींचं ठाम मत होतं.

मग महामारी आली, ऑफिस घराघरांत गेलं, आणि दीड वर्षाने परत भरलं तेव्हा ओळखू येईना. चाळीस टेबलांची अठरा झाली होती. स्वतःचं टेबल कोणालाच नाही. आदल्या दिवशी मोबाइलमधल्या ॲपवर जागा धरायची. नाही मिळाली तर घरूनच काम.

"डबा, फोटो, देव, काही मांडून ठेवायचं नाही," एचआरच्या हेतल मॅडमनी सांगितलं. "ज्याच्या नावावर जागा, त्याचंच सामान."

नलूला काशीबाईंना दिलेला शब्द आठवला. मग तिला वाटलं, देवीच्याच नावावर जागा घेतली तर? कर्मचाऱ्यांची यादी त्या ॲपवर चढवण्याचं काम तिचंच. मनोमन क्षमा मागून तिने शेवटी एक नाव जोडलं: शीतल केळवेकर. त्या नावावर ती रोज जागा धरू लागली: टेबल अकरा, खिडकीजवळ. तसबीर कॉम्प्युटरच्या आडोशाला बसली. समोर रोज ताजी जास्वंद. खुर्ची रिकामी दिसली की लोक समजत, बाई प्लँटवर गेली असेल.

तीन महिने सुखात गेले. मग नीलेश कुरकुरत आला. "मॅडम, अकरा नंबर मला कधीच मिळत नाय. ही केळवेकर रोजची हजर!"

मॅडमनी नोंदी पाहिल्या. "एकही रजा नाही? एक दिवस घरून काम नाही? आहे कोण ही?"

आता पाळीपाळीने, तोंडं झाकून येणाऱ्या माणसांत "मी ओळखत नाही" म्हणायचं म्हणजे मोठी नामुष्की.

"शीतल ना? ती मास्कवाली," भावेश म्हणाला.

"फार शांत बाई. अध्यात नाय, मध्यात नाय," प्रियंका म्हणाली.

नीलेशलाही मागे राहवेना. "मंगळवारी माझ्या डब्यातली सुकटीची चटणी खाल्ली की तिने!"

नलूने दोन्ही कान पकडले. देवीला सुकट, आणि तीही मंगळवारी!

एकही रजा न घेणाऱ्या बाईची बातमी ऐकून गुरुवारी अंधेरीहून मोठे साहेब आले. हातात पुष्पगुच्छ. "अशी माणसं इथे कशाला? सोमवारपासून मुख्य ऑफिसला घेऊ. शीतल केळवेकर, पुढे या!"

टाळ्या कडाडल्या. कोणीच उठेना.

"लाजतेय," भावेश पुटपुटला.

नलूने अकरा नंबरकडे पाहिलं. बोलावं तर नोकरी जाईल. गप्प बसावं तर देवी अंधेरीला, मग इथे नजर ठेवणार कोण? तिने चपला काढल्या, तसबीर दोन्ही हातांनी उचलली आणि साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, ह्याच त्या केळवेकर."

साहेबांनी तसबिरीकडे पाहिलं, पुष्पगुच्छाकडे पाहिलं, आणि वाकून मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

"नीलेश," प्रियंकाने विचारलं, "चटणी तिखट लागली का रे त्यांना?"

सगळं ऑफिस खो खो हसत सुटलं. साहेबही. हसल्या नाहीत त्या फक्त हेतल मॅडम.

"नलूताई, खोटं नाव चालणार नाही. आजच्या आज काढा."

"काढते, मॅडम."

संध्याकाळी नलूने डोळे पुसत नाव खोडलं. आता उद्या अकरा नंबरवर नीलेशच डबा उघडणार. तिने घाईघाईने उद्याच्या जागा पाहिल्या. अकरा नंबर आधीच गेलेला. नाव होतं हेतल मॅडमचं.

मॅडमना तर स्वतःची केबिन होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आंघोळ करून, परडी घेऊन, नलू हळूच कुंपणाजवळच्या जास्वंदीकडे निघाली.