गहाळ झालेलं फौजी हाउसिंग

माझी नजर इतकी तीक्ष्ण आहे, की कधीकधी मलाच तिची भीती वाटते. आरशात पाहिलं तरी समोरचा इसम काहीतरी लपवतोय, हे मी तत्काळ ओळखतो. असा गुप्तहेर घरातच असताना मेव्हण्याने गॅरेजमधल्या चोरीसाठी पोलिसांकडे निघावं, याचं मला वाईट वाटलं.

चोरीला गेलं होतं हाउसिंग, म्हणजे जीपच्या मागच्या ॲक्सलवरचं जाड लोखंडी कवच. तेही लष्कराने मोडीत काढलेल्या ट्रकचं. मेव्हण्याने सात महिने भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून ते मिळवलं होतं आणि त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वेल्डर वहिनींनी, कापून-जोडून जीपच्या मापाचं केलं होतं. सासरे डोंगरावर एकटे राहतात. तिथल्या दगडधोंड्यांत जीपची दोन साधी हाउसिंगं वाकून कामातून गेली होती. आणि उद्या दुपारी सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं, आणि ही तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी. जीपशिवाय त्यांना खाली आणायची सोयच नव्हती.

"वजन किती?" मी विचारलं.

"दीड क्विंटल तरी."

"म्हणजे चोर पहिलवान आहे."

"किंवा दोघं असतील."

असल्या बाळबोध तर्कांकडे मी लक्ष देत नाही. फरशीवर ओढत नेल्याची खूण नव्हती. "हेलिकॉप्टर," मी म्हणालो. "लष्कराने माल परत नेला."

"भाऊजी, त्यांनीच तो लिलावात काढला होता."

"म्हणून तर पस्तावले."

मेव्हण्याने छताकडे पाहिलं. छत शाबूत होतं, म्हणून मी संशय शेजारच्या टायरवाल्याकडे वळवला. त्याने मला हसून नमस्कार केला होता, आणि मला ओळखणारं कुणी असं हसत नाही. मी त्याचा जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. तो डबा घेऊन घरी गेला.

मग जीपला टेकून मी तिसरा सिद्धांत मांडायला घेतला, तेवढ्यात वहिनी आल्या.

"अहो, जीपचं मागचं ॲक्सल काढलंय ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"हो."

"आणि मागची चाकं?"

"तीही काढलीत."

"मग ही उभी कशावर आहे?"

आम्ही दोघं खाली वाकलो. जीपचा सगळा भार अंगावर घेऊन हाउसिंग निवांत पडलं होतं.

"सोमवारी जीपखालचा स्टँड वाकला," मेव्हणा पुटपुटला. "गॅरेजात एवढं दणकट दुसरं काही नव्हतं. लावलं, आणि जराही कुरकुरलं नाही, म्हणून विसरलो."

लाकडी ठोकळे आणून आम्ही ते सोडवलं आणि संध्याकाळपर्यंत बसवलं. सकाळी जीप डोंगर चढली, सासऱ्यांना घेऊन उतरलीही. वाटेत मेव्हण्याने त्यांना सगळी हकिगत सांगितली. मी त्याच जीपला टेकून उभा होतो, हेही वगळलं नाही.

सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खाकरण्याच्या दिशेने मान वळवली.

"मग डॉक्टरांनी आज आपल्यापैकी एकाचंच ऑपरेशन का ठेवलंय?"