भीमण्णाची बारा मेंढरे

मुडबीच्या माळावर भीमण्णा आपल्या मेंढरांना स्पॅनिश क्रियापदांनी हाका मारीत असे. 'तेन्द्रे' लंगडी होती. 'साल्द्रे' लोकांच्या हरभऱ्यात शिरे. 'वेन्द्रे' कितीही हाका मारल्या तरी येत नसे. गाव हसे. मी हसलो नाही. ती नावे मीच शिकवली होती.

त्याची दुसरी खोड जुनी. भंडारा उचलून दिलेला शब्द धनगर मोडत नाही. भीमण्णाने हा नियम पुढे करायच्या प्रत्येक गोष्टीस लावला. उद्या येतोस का, असे विचारले तरी तो कमरेची पिशवी सोडी, चिमूटभर हळद तळहातावर घेई आणि मगच 'येतो' म्हणे. पिशवी घरी राहिली असेल तर उत्तर नाही. एकदा कंडक्टरने कुठे उतरणार म्हणून विचारले. हा पिशवी सोडीपर्यंत थांबा मागे पडला.

त्याचा एकुलता मुलगा कोळारच्या कारखान्यातून पुण्यास व तेथून स्पेनला गेला. तेथेच लग्न केले, तेथेच अपघातात गेला. मागे सून आणि पाच वर्षांची मुलगी. सून दर रविवारी माझ्या घरी फोन करी. तिचे मोडके इंग्रजी मी भीमण्णास सांगे. नात मात्र आजोबाचा आवाज ऐकताच गप्प होई. एके रविवारी सून म्हणाली की मुलगी आता फोनजवळ येण्यासही तयार नाही.

दुसऱ्या दिवशी भीमण्णा मुलाचे स्पॅनिशचे पुस्तक घेऊन आला. अर्थ इंग्रजीत दिलेले होते, तेवढ्या आधारावर मी पहिला धडा उघडला.

"त्ये नगं, गुरुजी. झालेलं लेकराला काय सांगू? फुडचं तेवढं शिकवा."

मी भविष्यकाळाचा धडा काढला. बहुतेक क्रियापदे नियमाने चालतात, बारा मात्र वाट सोडतात, असे सांगितले. त्याने ती बाराच मागितली.

"नीट चालणारी मेंढरं आपसूक घरला येतेत. वाकडीच वळावी लागतेत."

म्हणून बारा मेंढरांना बारा नावे पडली. दिवसभर हाका मारायच्या, हा त्याचा अभ्यास. मी आयुष्यभर मुले शिकवली. असा विद्यार्थी मिळाला नाही.

चार महिन्यांनी त्याचा खोकला थांबेना म्हणून बीदरला नेले; डॉक्टरांनी एक्स-रे पाहून मला बाजूस घेतले. दिवाळी दिसणे कठीण, असे ते म्हणाले. भीमण्णा दाराशी उभा होता. त्याने ऐकले. परतताना बसमध्ये त्याने बाराही क्रियापदे दोनदा म्हटली.

त्या रविवारी सुनेने मुलीला बळेच फोनशी बसवले. त्या क्रियापदांची स्पॅनिश वाक्ये मी जुळवून दिली होती. भीमण्णाने तळहातावर भंडारा घेतला आणि माळावरच्या सुरात सुरुवात केली. आरे: तुझ्यासाठी घोंगडी करीन. दिरे: मेंढरांना तुझे नाव सांगीन. पलीकडून खुदकन हसू. मग मुलीने काहीतरी विचारले. सुनेने ते मला इंग्रजीत सांगितले, मी त्याला सांगितले.

"तू येशील का, म्हणून विचारते आहे."

उत्तर त्याला येत होते. वेन्द्रे: येईन. माळावर तोच शब्द तो सर्वांत जास्त ओरडला होता.

तो तळहाताकडे पाहत राहिला. मग रिसीव्हर माझ्या हाती देऊन कोपऱ्यातल्या घागरीकडे गेला. तांब्याभर पाणी घेऊन हात स्वच्छ धुतला, धोतरास पुसला. परत येऊन रिसीव्हर कानाशी धरला.

"वेन्द्रे," तो म्हणाला.

शहाबादी फरशीवर पिवळा डाग राहिला. दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी तो घासायला घेतला. मी घासू दिला नाही.