पाण्याचा दिवस आणि द्वारकाबाईंच्या कुरडया

गारखेड्यातल्या त्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. ते कोणी भरायचं यावर बन्सी आणि सरूनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तह केला होता: एकदा त्यानं, एकदा तिनं. गेल्या खेपेला शेंद्र्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेल्या बन्सीनं टाकी, पिंप, घागरी सगळं भरलं. सरू त्यावर "भरलं का?" एवढंच म्हणाली. ते त्याला फार लागलं. बायकोला आपली किंमत नाही, इथपर्यंत तो आठ दिवसांत पोचला होता.

म्हणून आज सरूचा नंबर आला तेव्हा तो वरच्या मजल्याच्या दारात खुर्ची टाकून चहा घेत बसला. सरूनं मोटर लावली आणि "आलेच" म्हणून कुठंतरी गेली. टाकी भरली, मग वाहू लागली. मोटरचं बटण दोन पावलांवर होतं, पण ठरलं म्हणजे ठरलं. पाणी जिन्यानं उतरलं आणि खाली द्वारकाबाईंनी जुन्या धोतरावर नुकत्याच घातलेल्या ओल्या कुरडयांवर पसरलं.

आठव्या दिवसाचं पाणी वाहू देणारा माणूस गल्लीनं आजवर पाहिला नव्हता. सगळे बघायला जमले.

"बन्सी, तू घरात नव्हता का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"व्हतो ना मावशी. पण आज नंबर तिचाय."

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून सरू धावत आली. तिच्यामागं बन्सीची आई भागूबाई.

"हिला नका काही बोलू," भागूबाई म्हणाली. "दर खेपेला माझं पाणी हीच भरती. बन्सीनं धाडलं म्हणती. माझं लेकरू लई गुणाचं."

बन्सीनं तिला एकदाही धाडलं नव्हतं. गेल्या खेपेलाही सरूची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, हे त्याला आत्ता आठवलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौथ्या दिवशी, द्वारकाबाईंचे गहू नव्यानं भिजून चीक शिजला, तेव्हा बन्सी सोऱ्या घेऊन अंगणात बसला. सगळ्या कुरडया आपणच घालणार, असं त्यानं गल्लीला सांगून टाकलं. त्याशिवाय मन हलकं होणार नव्हतं. पण सरू शेजारी येऊन बसली आणि तिनं सोऱ्या काढून घेतला.

"निम्म्या माझ्या. मोटर चालू ठेवून मीच गेले व्हते."

"चूक माझी हाय, सरू. सगळी."

"निम्मी माझी. एकदा ठरलं म्हंजे ठरलं."

आयुष्यात एवढी मोठी चूक केली, तीसुद्धा ही आपल्याला पुरती मिळू देत नाही, हे बन्सीला फार लागलं. कुरडया वाळेपर्यंत तो पुन्हा फुगून बसला.