कुठल्या ताईची कसरत?

"राहीच्या गालाला हळद मी उजव्या हातानंच लावनार! न्हाय लावली तर मिशी उतरवीन!"

चांगदेव आबांनी हे ओटीवर, आठ माणसांदेखत जाहीर केलं होतं. चाळीस वर्षं ट्रक हाकलेला माणूस! सहा महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला. तेव्हापासून आबांचा राग मात्र दोन हातांचं काम करत होता. चहा गरम म्हणून राग, गार झाला म्हणून राग. "नातीला डाव्या हातानं हळद लावली तर काय बिघडलं?" असं बायको येसूबाई एकदाच म्हणाली.

"डाव्या हातानं? मी मेलो काय?" आबा असे कडाडले की पुन्हा तिनं विषय काढला नाही.

फिजिओथेरपीवाली प्रणाली दर आठवड्याला यायची. तिनं खुर्चीत बसून करायचा नवा व्यायाम काढला. "आबा, याला ताई ची म्हणतात."

"कुठल्या ताईची?"

"ताईची नाही हो, ताई ची! चीनकडचा आहे. पाण्यात हलवल्यासारखे हात सावकाश हलवायचे."

"सावकाश? अगं पोरी, सगळी जिंदगी मी टॉप गिअरमधी काढली!"

पण हळदीसाठी आबा दातओठ खात सावकाश हात हलवायला शिकले. महिन्याभरात उजवा हात छातीपर्यंत आला. तिथून वर मात्र जाईना, आणि राहीचा गाल काही छातीपर्यंत खाली येणार नव्हता!

हळदीच्या दिवशी दुपारी चारला आबा अंगणाच्या कडेला खुर्ची टाकून सरावाला बसले. डोळे मिटलेले. दोन्ही हात पुढे, मग हळूहळू छातीकडे. पुन्हा पुढे, पुन्हा छातीकडे.

नेमका तेव्हाच डीजेचा टेम्पो रिव्हर्सनं अंगणात शिरत होता. ड्रायव्हर गणराज गावातलाच. आरशात बघतो तर आबा दोन्ही हातांनी बोलावतायत! येऊ दे, येऊ दे! एवढा जुना ट्रकवाला सांगतोय म्हटल्यावर गणराजनं बिनधास्त मागे घेतला.

घरघर ऐकून आबांनी डोळे उघडले. टेम्पो मांडवाच्या खांबापासून दोन हातांवर! "थांब! थांब रे मेल्या!" म्हणत त्यांनी दोन्ही हात वर केले. म्हणजे करायला गेले. उजवा आलाच नाही. एकटा डावा हवेत फडफडला. गणराजला वाटलं, डावीकडे मारायला सांगतायत. त्यानं मारला डावीकडे!

खांब गेला. खांबामागून मांडव गेला, झालर गेली आणि निम्मं कापड थेट मटणाच्या टोपात गेलं! येसूबाई कापडाखालून शिव्या देत बाहेर आली.

गणराज उतरला तो आबांवरच चढला. "आबा, तुमीच येऊ दे येऊ दे केलंत!"

"गाढवा, मी व्यायाम करत व्हतो!"

"असला कुठं व्यायाम असतो?"

"ताईची हाय ती!"

"कुठल्या ताईची?"

बस्स! आबांच्या टाळक्यात जाळ झाला. ते खुर्चीतून ताडकन उठले. थप्पड मारायला उजवा हात उठला. छाती ओलांडली, खांदा ओलांडला, वर गेला! पण गेला तो महिनाभर शिकलेल्या वेगानं. गणराज बघत उभा. सगळं अंगण बघत उभं. पाच-सहा सेकंदांनी हात गणराजच्या गालाला अलगद टेकला.

"आबा," तो बावचळून म्हणाला, "मारताय का हळद लावताय?"

"अहो, हात वर गेला!" येसूबाई रडायलाच लागली. राही हळदीची वाटी घेऊन धावत आली. तिनं आबांची बोटं वाटीत बुडवली आणि गाल पुढे केला. "लावा आबा!"

आबांनी नातीकडे बघितलं. डोळे भरून आले. हात छातीपर्यंत आला आणि थांबला.

"आबा, चिडा की माझ्यावर!"

"तुझ्यावर कसा चिडू गं बाय?"

दोनदा झालं, तीनदा झालं. हात ढिम्म! शेवटी येसूबाईनंच डोकं चालवलं. गणराजला दंडाला धरून तिनं राहीच्या मागे उभं केलं. "हा बघा, आपला मांडव ह्यानं पाडला!"

हात सरळ वर! आबांनी नातीच्या गालाला हळद लावली, उजव्या हातानंच लावली.

त्याचा फोटो अल्बममध्ये आहे. राही आनंदानं रडतेय, बाकी सगळे हसतायत, आणि आबा मात्र आता कुणाचा तरी खूनच पाडणार अशा डोळ्यांनी बघतायत. मागे उभा असलेला गणराज फोटोत आलेलाच नाही.

राहीच्या सासरचे अजून तिला हळूच विचारतात, "तुझ्या आबांना हे लग्न पसंत नव्हतं का गं?"