शेडला काय फासावं

शेड उभी राहिली आणि सुताराने निघताना एवढंच सांगितलं, "सर, प्लायवूड आहे. पाऊस लागायच्या आत काहीतरी फासा. आधी कडा. प्लाय पाणी पितं ते कडेनं."

"काहीतरी म्हणजे काय?"

"काहीही," म्हणत सुताराने स्कूटरला किक मारली.

'काहीही' हे उत्तर सरांच्या पचनी पडणारं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती. शिकवलं कधीच नाही, नळ्या धुतल्या. पण 'सर' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. शिवाय मामला नाजूक होता. त्यांच्या पत्नीला, म्हणजे बाईंना, शिवणक्लाससाठी घराची मागची खोली हवी होती, आणि त्या खोलीत सरांची हत्यारं ठाण मांडून होती. "शेड टिकली तर हत्यारं शेडमध्ये," बाईंचा निकाल होता, "फुगली तर भंगारात. माझ्या खोलीत परत येणार नाहीत."

सरांनी दाराशेजारी हातभर चौकोन आखला, त्यावर वॉर्निश लावलं, खाली आकडा घातला आणि वहीत तारीख टाकली.

संध्याकाळी मेहुणा आला. "भाऊजी, वॉर्निश? उन्हात पापुद्रे सुटतील. जवसाचं तेल लावा."

दुसरा चौकोन तेलाचा झाला. रंगवाल्या दुकानदाराने तेलाला नाक मुरडून प्रायमर आणि ऑईलपेंट सुचवला. त्याचे तीन चौकोन झाले: एक हात, दोन हात आणि प्रायमरशिवाय. मग सरांच्या मनात आलं, दक्षिणेच्या उन्हात टिकेल ते उत्तरेच्या सावलीत टिकेलच कशावरून? सगळे चौकोन चारही भिंतींवर काढावे लागले. ते वरच्या कडेला टिकले तरी खालच्या कडेचं काय, म्हणून तिथंही काढले.

"अहो, ठरलं का?" बाई रोज विचारत.

"निरीक्षण चालू आहे."

"शेडची गोधडी झालीय."

दहाव्या दिवशी भरदुपारी आभाळ काळं झालं. सरांनी वही चाळली. एकही चौकोन नापास झाला नव्हता; त्यामुळे कोणता निवडावा ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी डोळे मिटून त्यांनी ऑईलपेंटचा डबा उचलला, धावत शेड गाठली आणि ब्रश हातात धरून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"आता काय शोधताय?" बाईंनी दारातून विचारलं.

"जागा."

"मग झालंच की. भिंतच संपली. आता कसला निर्णय घेताय?"

सरांच्या छातीवरचा दगड उतरला. तो जेमतेम जमिनीला टेकला असेल, तोच पाऊस सुरू झाला आणि सरांचा चेहरा उतरला.

"एक चौकोन कोरा आहे."

"का?"

"तुलनेसाठी. एक नमुना काही न लावता ठेवायचाच असतो."

"आणि तो कुठं ठेवलात?"

"मागं, खालच्या कडेला. पत्र्याचं पाणी पडतं तिथंच. म्हणजे फरक चांगला दिसतो."

सर छत्री न घेताच मागे धावले आणि चिखलात उकिडवे बसले. पत्र्याची धार नेमकी त्या चौकोनावर पडत होती आणि मोत्यांसारखी घरंगळून खाली जात होती. चौकोन हिरवागार होता. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. कडही हिरवी होती. आत जाऊन त्याच जागी तळहात टेकवला. ठणठणीत कोरडं.

"काल तुम्ही झोपला होतात," मागून छत्री घेऊन आलेल्या बाई म्हणाल्या. "फाटकाचा रंग उरला होता. म्हटलं, एवढा एक तुमच्याकडून राहून गेला असेल."

प्रयोगाला परस्पर हात लावला म्हणून सर एका मुख्याध्यापकांशी वर्षभर बोलले नव्हते. ते बाईंकडे बघत राहिले. नाकावरून पाणी टपकत होतं.

"बिघडला का हो तुमचा प्रयोग?" बाईंनी जरा दबकत विचारलं.

"पार वाया गेला," सर प्रसन्नपणे म्हणाले, आणि बाईंचं मन बदलायच्या आत हत्यारांची पहिली पेटी आणायला मागच्या खोलीकडे पळाले.