वर्णानुक्रमाने लावलेला वाफा

या, जरा जवळ सरका. मागे बसलेल्यांनीही शाली आवरून पुढे यावं. थंडी आहे, आणि गोष्टही थंडीतलीच आहे. देवाने माणसाला दोन हात दिले ते जोडण्यासाठी. जोडून झाल्यावर उरलेल्या वेळात माणूस त्याच हातांनी काय काय करून ठेवतो, ते आज सांगतो. कान माझ्याकडे द्या. शेवटी एक मागणं मागणार आहे. वर्गणी नव्हे, घाबरू नका.

एक होते हेडक्लार्क. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, पण कचेरीतून, स्वभावातून नव्हे. घरातल्या डब्यांना त्यांनी क्रमांक दिले, चपलांना जागा नेमून दिल्या, आणि कामवाल्या बाईंसाठी हजेरीपट आखला. त्यांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्या गल्लीच्या वहिनींनी, हे सारं हसून सोसलं. साहेबांची नजर अजून मागच्या बागेकडे वळली नव्हती, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

ऐन थंडीत वहिनींच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस जाणं भाग होतं. पिशवी खांद्याला लावून त्या दारात थांबल्या.

"अहो, ऐका. बागेत काहीही करायचं नाही. रोज, ऊन वर आल्यावर, झारीभर पाणी. संध्याकाळी मिरचीच्या रोपांवर गोणपाट. बस्स."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं झोपलंय. झोपू द्या."

काहीही न करण्याचा साहेबांना कचेरीत तेहतीस वर्षांचा अनुभव होता. घरी नेमका तोच कामी आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मफलर गुंडाळून ते बागेच्या तपासणीला निघाले. वाळकी पानं झाडली, गंजलेलं खुरपं घासलं, गुलाबाची एक फांदी उगीचच छाटली. मग ते भिंतीलगतच्या मोठ्या वाफ्यापाशी आले. वाफ्यात एक पान दिसेल तर शपथ! नुसती माती, आणि तिच्यात वेड्यावाकड्या खोचलेल्या आइस्क्रीमच्या सतरा काड्या. काड्यांवर वहिनींची पुसट अक्षरं होती. साहेबांनी चष्मा सावरून वाचलं: 'आत्या'. 'पोस्टमन'. 'डॉक्टरीण'. 'कंपाउंडर'. 'विहीणबाई'.

वहिनींची रीतच तशी होती. ज्याने कंद दिला, त्याचं नाव काडीवर. रोज पाणी घालताना त्या माणसाची आठवण निघते, म्हणायच्या. एका काडीवर 'आई' होतं. वहिनींच्या आईने दिलेली ती पांढरी लिली; वर्षातून एकदा फुलायची. आई गेली, तिचं घर गेलं, अंगण गेलं. मागे तेवढा एकच कंद राहिला. आणि एका काडीवर नुसतंच 'हे' लिहिलेलं होतं.

'हे' म्हणजे आपणच, हे साहेबांनी बरोबर ओळखलं. आपण बायकोला नेमका कोणता कंद दिला ते मात्र आठवेना. पण काहीतरी भारीच असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"काय हा कारभार!" ते स्वतःशीच म्हणाले. "ना तारीख, ना अनुक्रमांक!"

त्यांनी सतराही काड्या उपटल्या. वाफा फावड्याने सारखा करून गुळगुळीत केला. आत बसून नव्या पट्ट्यांवर, ठेवणीतल्या पेनाने, सगळी नावं सुवाच्य उतरवली आणि वर्णानुक्रमाने लावली: आई, आत्या, कंपाउंडर... शेवटी हे. पट्ट्या हातात घेऊन ते मोठ्या दिमाखात वाफ्याशी आले. तिथे पोचल्यावर त्यांना कळलं, की कोणती पट्टी कुठे खोचायची हे सांगणारी एकमेव नोंद सकाळी आपणच नष्ट केली आहे.

संध्याकाळी फोन आला.

"बागेत काही केलं नाहीत ना?"

"छे! जरासं झाडलं."

"आईच्या लिलीवर पाय नाही ना पडला?"

"पाय? मुळीच नाही," साहेब म्हणाले. त्यांचं हे उत्तर अक्षरशः खरं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या निवृत्त कंपाउंडरला बोलावलं. तो येतानाच शिंकत आला. बारा महिने सर्दी हे त्याचं पेन्शनच होतं.

"सोपं आहे," कंपाउंडर म्हणाला. "उकरून काढायचे, ओळखायचे, परत लावायचे."

"ओळखणार कसे?"

"मी दिलेला लाल फुलाचा होता."

"अहो, फुलं आहेत कुठे आत्ता? कंद सगळे तपकिरीच!"

"मग तपकिरीतला जरा लालसर बघा की."

दोघांनी दुपारपर्यंत अख्खा वाफा उपसला. कंद निघाले सोळा. पट्ट्या सतरा. एक हरवला, आणि हरवणारा कोणता असणार? पोस्टमनचा थोडाच हरवतो! त्यांनी चिखलात गुडघे टेकून माती चाळणीने चाळली. थंडीने त्यांचंही नाक चोंदलं. कंद मात्र सापडला नाही. शेवटी सोळा कंद ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडून दोघेही गरम पाण्याची वाफ घ्यायला कंपाउंडरकडे गेले.

परत येऊन पाहतात तर वर्तमानपत्र घडी घालून ठेवलेलं!

"बाई, इथे काही होतं का?"

"कांदे होय? साहेब, असे उघड्यावर टाकतात का? टोपलीत ठेवलेत व्यवस्थित, बाकीच्या कांद्यांबरोबर." आणि हजेरीपटाकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, "आजची सही केलीय हं मी."

टोपली ओसरीवर उपडी झाली. कांदे आणि कंद एका जातीचे दिसू लागले.

"वास घ्या," कंपाउंडर म्हणाला.

"मला वास येत नाहीये."

"मलाही. आठ वर्षं झाली."

"चिरून बघू या? डोळ्यांत पाणी आलं तर कांदा."

"डोळ्यांत पाणी सकाळपासूनच आहे हो माझ्या!" साहेबांचा आवाज खरोखरच चिरकला. "तिच्या आईचं तेवढंच उरलं होतं."

मग कंपाउंडरने गोल, घोटीव, तकतकीत असे सतरा नग निवडले. "बागेतला कंद चांगल्या घरातला दिसायला नको? हेच ते. आणि बघा, हरवलेलाही सापडला!"

सतरा जणांना वर्णानुक्रमाने मूठमाती मिळाली. सुरकुतलेले, ओबडधोबड सोळा तेवढे टोपलीत राहिले.

वहिनी परतल्या, तेव्हा साहेबांच्या खिशात अर्ज तयार होता. 'विषय: वाफ्याच्या फेररचनेत झालेल्या किरकोळ गैरसोयीबाबत.' वहिनींनी वाफा पाहिला, सरळ रेषेतल्या सतरा पट्ट्या पाहिल्या.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. कांद्याच्या टोपलीपाशी क्षणभर थबकल्यासारख्या वाटल्या, इतकंच.

अर्ज खिशातच राहिला. एका माणसाला 'माझं चुकलं' एवढं साधं वाक्य बोलायला अख्खा हिवाळा पुरला नाही. रोज सकाळी ते दात घासायच्या आधी वाफ्याशी जायचे, 'आई'च्या पट्टीपुढे उभे राहायचे आणि तोंड पाडून परत यायचे. वहिनी झारी घेऊन मागून येत आणि सतरा ठिकाणी पाणी घालत.

थंडी सरली. एके सकाळी 'आई'खाली कोंब दिसला. मग पान, रुंद, लिलीचंच! पाठोपाठ 'कंपाउंडर'खाली लाल कळी. पंधरा दिवसांत प्रत्येक माणूस आपापल्या नावाखाली हजर. साहेबांची छाती पुन्हा कचेरीतल्या मापाची झाली.

"पाहिलंत?" कुंपणावरून ते ओरडले. "शिस्त लावली की कंदसुद्धा नावाप्रमाणे उगवतो!"

कंपाउंडर शिंकला. "आणि ते शेवटचं काय?"

शेवटच्या पट्टीखाली पोकळ हिरव्या पाती उभ्या होत्या, आणि मधोमध फुलाचा एक पांढरा चेंडू. पट्टीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'हे'.

"कांदा आहे तो," मागून वहिनी म्हणाल्या. "बाकीचे सोळा आपण कधीच खाल्ले. मी आले त्याच दुपारी, तुम्ही घोरत होतात तेव्हा बदलले. तुमचा क्रम नाही मोडला हं."

"तुला ओळखता आले?"

"माणसं ओळखता येतात की."

साहेबांनी खिशात हात घातला. "मी एक अर्ज..."

"वाचलाय. धुण्याआधी खिसे कोण बघतं?"

"पण मग हरवलेला सतरावा?"

"हरवायला होता कुठे! लग्नानंतर तुम्ही एक कंद आणला होतात. कुजका निघाला. उगवलाच नाही." वहिनींनी झारी कलती करून कांद्याच्या बुडाशी धार सोडली. "काडी तेवढी ठेवली होती. पाणीही घालत होते. म्हटलं, उगवेल कधीतरी."

साहेब बराच वेळ त्या कांद्याकडे पाहत उभे राहिले. त्या दिवशी मात्र त्यांना सर्दी नव्हती, तरीही नाक ओढावं लागलं.

तर मंडळी, आता माझं मागणं. उद्या सकाळी झारी हातात घ्याल, तेव्हा ज्यांनी तुम्हाला काही दिलं त्यांची आठवण काढा; ते सोपंच आहे. पण जिच्या रोजच्या झारीमुळे आपल्या नावाची काडी अजून उभी आहे, तिचीही काढा.