दोन्हीकडून सारखा पंख

मी वर्गात हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी नाही. त्यामुळे हेमराजमामाला मी तोंडावर "नाई" म्हणाले, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त दचकले ती मीच. (माझ्या खालोखाल आई. तिच्या हातातलं गाळणं कपाऐवजी बशीत टेकलं.)

मामा नागपूरला टीव्ही दुरुस्त करतो आणि रिमोटवर उडणारी विमानं बनवतो. दोन उन्हाळे त्याच्या जुन्या विमानावर मी हात बसवला होता. २००३ च्या जानेवारीत, मी नववीत असताना, तो आठवडाभर पिपरी मेघेला आमच्याकडे आला. सोबत रिमोटचा एक जादा सेट होता.

"गुंजन, या खेपेले विमान तू बनव," तो म्हणाला. "रविवारी उडव अन् चाकावर उतरव. चाकावर उतरलं तर सेट तुह्या. नाई तर संध्याकाळच्या गाडीनं माह्यासंगं वापस."

मला तो सेट इतका हवा होता, की रात्री मी त्यावर माझी शाल पांघरली. आणि भांडण सुरू झालं पंखावरून.

पंख सुरीने आडवा कापला, तर कापलेल्या जागी जो आकार दिसेल त्याला एअरफॉइल म्हणतात. मामाचं म्हणणं, तो खालून सपाट आणि वरून फुगीर घ्यावा. असा पंख विमानाला स्वतःहून सांभाळून घेतो. मला मात्र दोन्हीकडून सारखा फुगीर हवा होता. कोलांट्या मारायच्या तर तसाच लागतो. विमान उलटं झालं तरी त्याला काही फरक पडत नाही.

"पहिलंच विमान आहे. सपाट घे," मामा म्हणाला.

"नाई."

बाबा पंचायत समितीत बाबू आहेत. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय ते कशावरही शेरा मारत नाहीत. त्यांना समजावं म्हणून मी एका गाजराचा सपाट बुडाचा पंख कोरला आणि दुसऱ्याचा सारखा. बाबांनी दोन्ही नमुने उजेडात धरून नीट पाहिले आणि दोन्ही खाल्ले.

"सारखा बरा लागला," ते म्हणाले.

"ते गाजर हलव्याचं होतं," आई म्हणाली.

तर सारखा ठरला. जुन्या शेगडीची कॉइल सरळ करून, तापवून, मामाने थर्माकोल कापला. मी घासला, मोजला, पुन्हा घासला. वर-खाली केसाचाही फरक ठेवला नाही. दोन्हीकडून एकाच तावाचा नारिंगी कागद चिकटवला. शनिवारी रात्री तो पंख मी इतक्या वेळा उलटासुलटा करून पाहिला, की शेवटी कोणती बाजू वरची ते चाकं बघून ठरवावं लागलं. (इथेच मला शहाणपण सुचायला हवं होतं.)

रविवारी सकाळी आई हळदीकुंकू घेऊन आली. आमच्याकडे सायकलसुद्धा पूजेशिवाय फाटकाबाहेर जात नाही. तिने पंखावर कुंकवाचं मोठं, ठसठशीत स्वस्तिक काढलं. वर लाल आणि खाली कोरं, हे काही मला बघवेना.

"आई, खालूनबी काढ."

"खालून? काऊन व?"

"सारखं पाह्यजे."

"देवाले खालून काय दिसते?"

"खालून आपण पाहतो ना."

आईने विमान उताणं केलं आणि खालूनही काढलं. मामाने येऊन वर पाहिलं, खाली पाहिलं आणि तोंड उघडलं. "या पंखाले वर-खाली नसतेच, मामा," मी म्हणाले. आठवड्यात दुसऱ्यांदा मी मोठ्या माणसाला अडवलं होतं. मामाने तोंड मिटलं. "बरं. तुह्यं विमान आहे."

वस्तीमागच्या लेआउटमध्ये अजून घरं नव्हती, नुसते प्लॉटचे दगड. विमान झकास उडालं. पहिली कोलांटी इतकी गोल झाली, की बाबांनी टाळी वाजवायला पिशवी खाली ठेवली. मग मी ते आडव्या गिरकीत घातलं, म्हणजे उडता उडता कुशीवरून पाठीवर आणि पुन्हा सरळ. ते लांब गेलं होतं. तेवढ्या लांबून चाकं दिसत नाहीत, दिसतो फक्त पंख. नारिंगी. त्यावर लाल स्वस्तिक.

गिरकी पूर्ण झाली की अर्धीच, हे मी त्या स्वस्तिकावरून ओळखायला गेले.

वर घ्यायला रिमोटची दांडी ओढली, तर विमान खाली आलं. घाबरून उलट ढकलली, तर वर गेलं. दांडी उलटी चालते एवढं माझ्या लक्षात आलं. का चालते, ते आलं नाही. (आईला वाटलं, माझा हात फार सफाईदार आहे.) तेवढ्यात इंधन संपलं, इंजिन गप्प झालं, आणि विमान तरंगत, अगदी शांतपणे, आमच्याकडे येऊ लागलं. जवळ आल्यावर चाकं दिसली. ती आभाळाकडे होती.

शेजारच्या देवकाबाईंनी तिथेच गाईसाठी तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुश्शाचा, ढीग घातला होता. विमान त्या ढिगावर पाठीवर निजलं. कागदसुद्धा फाटला नाही.

"पोरी, हे पडलं का बसलं व?" देवकाबाईंनी विचारलं.

मी मामाकडे पाहिलं. "मामा, या पंखाले वर-खाली..."

"पंखाले नसन," आई म्हणाली. "चाकाले असते."

मामाने सेट टॉवेलमध्ये गुंडाळला. गाडीच्या वेळेपर्यंत मी त्या गुंडाळीकडे बघत बसले. निघताना मामा म्हणाला, "दोन्हीकडून सारखं रंगवू नको, हेच सकाळी सांगणार होतो. होळीले येतो तवा घेऊन येईन. अट तीच."

तो गेल्यावर आईने ओल्या फडक्याने पंखाखालचं स्वस्तिक पुसलं. "कुंकू कपाळाले लावते बेटा, मानेले नाई."

मग बोटाला उरलेलं कुंकू तिने माझ्या कपाळावर टेकवलं.

"हे काऊन?"

"तुहीबी वरची बाजू कोणती," आई म्हणाली, "हे लोकाइले दुरून समजलं पाह्यजे."